फळ्यावरचं बेट

पोलीस ठाण्यातल्या हवालदार बाईंनी माझे कागद चाळले, मान वर केली आणि विचारलं, "मॅडम, लक्षद्वीप आपल्याच देशात आहे ना? मग चारित्र्याचा दाखला कशाला मागतात?"

त्यांच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं. लक्षद्वीपला जायला भारतीय माणसालाही प्रवेश परवाना लागतो, आणि त्या अर्जासोबत आपल्या हद्दीतल्या पोलिसांचा दाखला जोडावा लागतो. १९६७ सालच्या नियमांपासून ही पद्धत आहे. मी बाईंना सांगितलं की तिथले मूळ रहिवासी अनुसूचित जमातींत मोडतात. सगळ्या बेटांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. गोडं पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा एक पातळ थर. येणारी माणसं मोजूनच घ्यावी लागतात.

"हां, मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय शिकवता?"

"भूगोल."

अंधेरीच्या एका मराठी शाळेत मी २६ वर्षं भूगोल शिकवते आहे. दरवर्षी प्रवाळद्वीपांचा भाग आला की फळ्यावर तीन चित्रं काढते. पहिल्यात समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी आणि त्याच्या कडेनं प्रवाळाची झालर. दुसऱ्यात डोंगर अर्धा बुडालेला, झालर त्याच्यापासून लांब राहिलेली. तिसऱ्यात डोंगर नाहीच, पाण्यात नुसतं एक कंकण. दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "बाई, तुम्ही बघितलंय का?" दरवर्षी मी 'नाही' म्हणत आले. गेल्या वर्षी मात्र ते 'नाही' मला स्वतःलाच सहन झालं नाही. घरी आले आणि डोंबिवलीला ताईला फोन लावला.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भावजी गेल्यापासून ती कुठे फारशी जात नव्हती. मी म्हटलं, "पांढऱ्या वाळूचं बेट बघायला येतेस?" ती म्हणाली, "वाळू पांढरी कशी असेल गं?" आम्ही दोघी वेंगुर्ल्याच्या, वाळू आम्हाला नवी नाही. पण तिचा प्रश्न अगदी नेमका होता, हे मला पुढे कळलं.

लक्षद्वीपला जायचे मार्ग मोजके आहेत. बेटावरच्या कुणी रहिवाशानं तुम्हाला बोलवायचं, किंवा तिथल्या प्रशासनाच्या पर्यटन संस्थेची सहल घ्यायची. 'सोसायटी फॉर प्रमोशन ऑफ नेचर टुरिझम अँड स्पोर्ट्स' असं त्या संस्थेचं लांबलचक नाव, सगळे तिला 'स्पोर्ट्स' म्हणतात. तिचं काम कोचीच्या विलिंग्डन बेटावरून चालतं. 'समुद्रम' नावाच्या तिच्या सहलीत जहाजानं कल्पेनी, मिनिकॉय आणि कवरत्ती अशी तीन बेटं दाखवतात. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर, एकूण पाच दिवस. आम्ही तीच घेतली. पावसाळ्यात पर्यटन बंद असतं, साधारण ऑक्टोबर ते मेचा मध्य एवढाच हंगाम. शाळेची सुट्टी मेमध्ये लागते, म्हणजे आमच्या हातात जेमतेम पंधरवडा होता.

दाखल्याचं ताईचं काम सोपं झालं. डोंबिवली ठाणे पोलीस आयुक्तालयात येते. तिनं भाच्याकडून ऑनलाइन अर्ज भरून घेतला, कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेली आणि आठवड्याभरात दाखला आला. माझं अडलं पत्त्यावर. आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि गेली तीन वर्षं आम्ही भाड्याच्या घरात राहतो. आधार कार्डावर जुना पत्ता, भाडेकरारावर नवा, आणि वीजबिल घरमालकाच्या नावावर. मी अर्जात जुना पत्ता लिहिला, कारण मनात घर म्हणजे तेच आहे. तो अर्ज परत आला. मग नोंदणी केलेला करार, त्यावर घरमालकाची ओळखपत्राची प्रत, शाळेचं पत्र, असं सगळं जोडून नव्या पत्त्यावर दुसरा अर्ज केला. मुंबईत अर्धं शहर पुनर्विकासात असताना ही अडचण माझ्या एकटीची नाही. म्हणून कुणाला जायचं असेल तर एवढंच सांगेन: सध्या जिथे झोपता तोच पत्ता लिहा, आणि करार नोंदणीकृत आहे ना ते आधी पाहा. मला तेवीस दिवस लागले. दाखला हातात आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं की माझ्याविरुद्ध काही गुन्हा नोंद नाही. इतका साधा कागद, पण मी तो देवापुढे ठेवला.

दाखले, फोटो, ओळखपत्रं आणि पैसे असं सगळं कोचीला गेलं, आणि आमच्या दोघींच्या नावाचे परवाने आले. त्यावर बेटांची नावं होती. ताईनं तिचा परवाना प्लास्टिकच्या पाकिटात घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

कुर्ल्याहून नेत्रावती एक्स्प्रेस घेतली, ताई ठाण्याला चढली. एर्नाकुलमपर्यंत एक दिवस आणि वर काही तास. कुडाळ गेलं तेव्हा दोघी दारात उभ्या होतो, बाकी प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

जहाजावर आम्ही थोडेच पर्यटक होतो. बाकी सगळी बेटांवरची माणसं. कुणी कोचीच्या इस्पितळातून आईला घरी नेत होतं, कुणी परीक्षा संपवून परतत होतं, कुणाकडे भाज्यांच्या गोणी. आम्हाला जी सहल होती ती त्यांची एसटी होती. हे लक्षात आल्यावर मी जहाजावर जरा सांभाळून वागायला लागले, मोठ्यानं हसणंसुद्धा कमी केलं. आमच्या शेजारच्या बाकावर कल्पेनीची एक शिक्षिका होती, तीही सुट्टीला घरी निघालेली. तिची बोली मल्याळमच्या जवळची, जेसरी म्हणतात तिला. आमचं बोलणं हिंदीत झालं. ती म्हणाली, "तुमच्याकडे मुलांना समुद्र दाखवायला न्यावं लागतं का?" मी म्हटलं, "जुहू जवळच आहे, पण नेत नाही." ते तोंडातून निघालं आणि माझं मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पेनी दिसलं. आधी पाण्याला लागून हिरवी रेघ, मग तिच्याखाली पांढरी रेघ. जहाज मोठं, प्रवाळभित्तीच्या आत त्याला जाता येत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि लहान बोटी त्याच्या अंगाला येऊन लागतात. जहाजाच्या पोटातलं, पाण्याच्या जवळचं एक दार उघडतात. खाली बोट एकदा आपल्या पायांशी येते आणि पुढच्या क्षणाला हातभर खाली जाते. मेचा समुद्र, पावसाची चाहूल लागलेला. ताईचे गुडघे गेली दहा वर्षं दुखतात. ती दारात उभी राहिली, खाली पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जा. मी इथूनच बघते."

दोन खलाशी दारात, दोन बोटीत. त्यातल्या वयानं मोठ्या खलाशानं तिला हिंदीत सांगितलं, "अम्मा, नीचे मत देखो. मेरा मुँह देखो. मैं बोलूँगा तब पाँव." आणि तो थांबला. एक लाट गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. मागे रांग होती, पण कुणी घाई केली नाही. कडेवर तान्हं घेतलेली एक बाईसुद्धा शांतपणे उभी होती. मग तो म्हणाला, "अब." चार हातांनी ताईला उचललं म्हणावं की ती चालत गेली म्हणावं, मला सांगता येणार नाही. ती बोटीत बसली होती आणि रडत होती. मी घाबरून विचारलं तर म्हणाली, "अगं, लागलं नाही काही. कुणी इतकं थांबलं नव्हतं गं माझ्यासाठी बऱ्याच दिवसांत."

बोट भित्तीतल्या फटीतून आत शिरली आणि पाण्याचा रंगच बदलला. बाहेर शाईसारखं निळं, आत आधी मोरपिशी, मग पिस्त्याच्या सालीसारखं फिकं, आणि काठाशी तर पाणी आहे की नाही अशी शंका यावी. आमच्या पाठ्यपुस्तकात लगूनला 'खाजण' लिहिलेलं असतं. कोकणात खाजण म्हटलं की चिखलाची, खारफुटीची, भरतीचं पाणी भरणारी जमीन डोळ्यांपुढे येते. इतकी वर्षं मी तो शब्द वर्गात वापरला आणि मुलांच्या मनात बहुधा चिखल उभा केला. आता मी 'बेटाच्या पोटातलं उथळ, शांत पाणी' असं पूर्ण वाक्य सांगते.

आणि वाळू. ताईनं चप्पल काढून पाय ठेवला आणि म्हणाली, "तापलेली नाही!" अकरा वाजले होते, मेचं ऊन. जुहूला या वेळी अनवाणी चालवत नाही. पांढरा रंग ऊन परत फेकतो, म्हणून ही वाळू कमी तापते. मी मूठभर घेऊन नीट पाहिली. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत खडकाचे कण असतात, नद्यांनी डोंगरावरून झिजवून आणलेले. इथे नदी नाही, डोंगर नाही, खडकच नाही. इथला प्रत्येक कण कधीतरी जिवंत असलेल्या कशाचा तरी तुकडा: प्रवाळ, शिंपले, चुन्याचं अंग असलेली शेवाळं, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे सूक्ष्म जीव. पोपटमासा प्रवाळखडक दातांनी कुरतडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि दगडाचं पीठ मागे टाकतो. काही मोठ्या जातींचा एकेक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. ताईनं फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

दुपारी माडाखाली जेवण दिलं: भात, कुप्याचं म्हणजे टूना माशाचं कालवण, कोशिंबीर, लिंबाची फोड. जेवण झाल्यावर मी ती फोड खाली वाळूवर पिळली. बारीक बारीक बुडबुडे आले. चुनखडीवर आम्ल टाकल्यावर काय होतं ते मी प्रयोगशाळेच्या टेबलावर किती वेळा दाखवलं असेल. ताई वाकून बघत होती. मग तिनं तिचीही फोड पिळली.

कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र मऊ वाळू नाही. तिथे प्रवाळाच्या तुकड्यांचा लांबच लांब ढीग आहे, १८४७ सालच्या वादळानं समुद्रातून उचलून काठावर टाकलेला. हाताएवढ्या, डोक्याएवढ्या फांद्या, एकमेकींवर वाजणाऱ्या. त्या ढिगावर उभं राहिल्यावर बेट किती सखल आहे ते कळतं. समुद्र दोन्ही बाजूंना आणि आपण जवळपास त्याच्याच उंचीवर. लक्षद्वीपमधल्याच बंगाराम बेटाच्या कंकणातलं परळी नावाचं एक छोटं निर्जन बेट धूप होऊन पाण्याखाली गेलेलं आहे. पुस्तकात आपण '३६ बेटे' लिहून पुढे जातो.

त्या रात्री जहाज मिनिकॉयकडे निघालं. डेकवर वारा होता, दोघींना झोप नव्हती. ताईनं विचारलं, "पण मग खाली काय आहे? नुसत्या चुन्यावर का बेट उभं राहतं?"

मी तिला जे सांगितलं ते मला स्वतःला फार प्रिय आहे, म्हणून इथेही सांगते. गिल्बर्ट टेकडी तिला ठाऊक होती. अंधेरीतला तो उभ्या खांबांचा काळा कडा, वर गावदेवीचं देऊळ, आमच्या शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर. तो कडा आणि सह्याद्रीचा काळा दगड हे सगळं सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं. पृथ्वीच्या पोटात खोलवर एक तप्त जागा आहे, चुलीसारखी, ती जवळपास जागच्या जागी राहते. तिच्यावरून आपला भूखंड उत्तरेकडे सरकत गेला. जो भाग चुलीवर आला तिथे लाव्हा वर आला. आधी दख्खन. मग भूखंड पुढे सरकला आणि त्याच्यामागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उठत गेली: लक्षद्वीप, मालदीव, त्याच्याही खाली चागोस. आज ती चूल मॉरिशसजवळच्या रेयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. लक्षद्वीपचे ते डोंगर थंड झाले, जड झाले, हळूहळू खचत गेले. त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिला, जेवढा डोंगर खाली तेवढा प्रवाळ वर, कारण त्याला उजेड हवा. डोंगर खचतो आणि प्रवाळ वर येत राहतो, ही कल्पना चार्ल्स डार्विननं मांडली. १८३६ साली तो हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर जाऊन आला होता.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या काळ्या दगडाची ही बहीणच की."

मी इतकी वर्षं शिकवते, पण हे वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

मिनिकॉय बाकीच्या बेटांपासून दूर, नऊ अंश खाडीच्या पलीकडे. इथली भाषा महल, मालदीवच्या भाषेची सख्खी, आणि लिपी उजवीकडून डावीकडे. कुप्याची मासेमारी इथे जाळ्यानं नाही, गळानं होते. जिवंत छोटे मासे आमिष म्हणून पाण्यात फेकायचे आणि काठीच्या गळानं एकेक कुपा वर उडवायचा. शिजवून, धुरी देऊन, उन्हात कडक वाळवलेल्या कुप्याला 'मास' म्हणतात. एका घरी आम्हाला तो खोबऱ्याबरोबर दिला. ताईला आमच्या आजीचं सुकट आठवलं आणि मग ती त्या घरच्या म्हातारीशी खुणांनी अर्धा तास बोलली.

मी दीपगृहाकडे गेले. १८८५ साली इंग्रजांनी बांधलेलं, पांढरं, उंच. ताई खाली माडाच्या सावलीत बसली. गोल गोल पायऱ्या चढून मी वरच्या गॅलरीत आले आणि कठडा धरला.

खाली फळ्यावरचं तिसरं चित्र होतं. बेट चंद्रकोरीसारखं वळलेलं, माडांनी गच्च. पलीकडे फिकं पाणी. त्याच्याही पलीकडे, जिथे भित्ती होती तिथे, लाटा फुटून तयार झालेली पांढरी रेघ, दूरवर वळत जाणारी. त्या रेघेबाहेर एकदम गडद निळं, अथांग. मी ती रेघ नेहमी खडूनं थोडी तुटक काढायचे, कारण पुस्तकात तुटक आहे. इथेही तुटकच होती. बोटी आत येतात त्या फटी तिथे दिसत होत्या. मधला डोंगर कुठे गेला हे मुलांना समजावताना मी नेहमी हात खाली खाली नेते. तिथे उभी असताना माझा हात आपोआप तसाच खाली गेला. शेजारी दीपगृहाचा कर्मचारी होता. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मला पाणी दिलं.

कवरत्तीला तळाशी काच असलेल्या बोटीत बसलो. ही गोष्ट लिहायला मला जड जातं. मला रंगीत बाग बघायची होती. बाग होती, पण तुकड्या-तुकड्यांनी. मध्ये मोठमोठे पट्टे नुसत्या राखाडी-तपकिरी फांद्यांचे, वर शेवाळ धरलेलं. ताई म्हणाली, "हे असं मळकट का गं?" पाणी जास्त दिवस नेहमीपेक्षा गरम राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातली सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतो. रंग त्यांचा आणि बरंचसं अन्नही त्यांचंच. मग तो पांढरा पडतो. पाणी लवकर निवलं तर वाचतो, नाहीतर मरतो आणि त्यावर शेवाळ चढतं. लक्षद्वीपला हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली सोसावं लागलं. एका तडाख्यातून सावरायला प्रवाळाला वर्षं लागतात आणि तेवढ्यात पुढचा येतो. बेट ज्यानं उभं केलं, वाळू ज्याची झाली आणि लाटा जो अडवतो, तोच आजारी आहे. वाळूचा पांढरा रंग मला तोपर्यंत नुसता सुंदर वाटत होता. मग एका जिवंत खडकाजवळ पोपटमाशांची जोडी दिसली, हिरवी-निळी, गुलाबी ओठांची. बोट थांबली, इंजिन बंद झालं आणि आम्हाला ते कुरतडताना दिसले. मी काचेला हात लावून बसले होते.

कवरत्तीत आम्ही प्यायलेलं पाणी समुद्राचंच होतं, गोडं केलेलं. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं २००५ साली तिथे केंद्र उभारलं. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि खोल समुद्रातून आणलेल्या गार पाण्यानं ती वाफ थिजवायची. दिवसाला एक लाख लिटर. त्या पाण्याला काही चव नव्हती, चांगलं होतं.

निघण्याआधी वर्गातल्या मुलांनी मला एकच गोष्ट मागितली होती: "बाई, वाळू आणा." आणता येत नाही. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो आणि तिथले शंख-शिंपले न्यायला मनाई आहे, आणि वाळू तरी वेगळी कशाची? काठावर एक अख्खी फांदी पडली होती, बोटभर, हाडासारखी स्वच्छ. ताईनं ती उचलली, तळहातावर फिरवली आणि जिथून घेतली तिथेच परत ठेवली. मी काही बोलले नव्हते.

परतीच्या जहाजावर चढताना तोच मोठा खलाशी दारात होता. ताईनं या वेळी खाली पाहिलंच नाही. सरळ त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी मुलांना सांगितलं, वाळू आणली नाही आणि का आणली नाही. दोघं-तिघं हिरमुसली. मग फळ्यावर तीन चित्रं काढली, आणि त्यांच्याआधी डाव्या कोपऱ्यात चौथं: उभ्या खांबांचा काळा कडा. वर्गात एकाच वेळी चार-पाच जण ओरडले, "बाई, हे आपलं गिल्बर्ट!"

पाऊस उघडला की शनिवारी सगळ्यांना टेकडीवर नेणार आहे. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली. पालकांची संमतीपत्रं वाटून झाली आहेत. बत्तीसपैकी अठ्ठावीस सह्या होऊन परत आली, चार यायची आहेत.